पदकानंतरची भाकरी

कामठीची छावणी आम्हा नागपूरकरांच्या उशाशी. सीमेवरच्या जवानाचे आपल्याला कोण कौतुक! जायबंदी होऊन परतलेला पुढे काय करतो, ही चौकशी मात्र मला क्वचितच ऐकू येते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ साली, तब्बल ४६ वर्षांनी! मधल्या काळात पुण्याच्या टेल्कोने त्यांना नोकरी दिली होती. मला तीच पदकाच्या तोलाची वाटते. आपल्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत जखमी जवानांसाठी अशा किती खुर्च्या आहेत?