सुपा आणि सुपे

दख्खनच्या दंग्यांवर काही वाचलं की 'सुपा' हे नाव येतं, आणि इथली मुलं विचारतात, "गुरुजी, ते आपलंच का हो?" नाही. १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या चोपड्या आणि कर्जरोखे जाळले ते सुपे पुणे जिल्ह्यातलं. आमचं सुपा पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं. अर्थात दंग्याचं लोण पुढे नगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातही आलंच होतं.

बहुतेकांचं वाचन इथेच थांबतं. तारीख पाठ झाली की इतिहास संपला! मला वाटतं, हा प्रसंग नुसत्या इतिहासाच्या पुस्तकातून कळतच नाही.

थोडं अर्थशास्त्र लागतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला भाव चढला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव बसला, कर्ज राहिलं. वर सरकारने शेतसारा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षं चालायचा. सावकाराने त्यावर उपाय काढला: दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालायचं आणि नवा रोखा करायचा.

आता पेन्सिल घ्या. शंभर रुपये, शेकडा दरमहा दोन (दर मी नमुन्यापुरता धरलाय). तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९. नुसते आकडे वाचून आपण मान डोलावतो. चौकटीच्या वहीत चार उभ्या पट्ट्या काढल्या की चौथी पहिलीच्या पाचपट उंच दिसते, आणि लोकांनी आधी कागदच का जाळले ते समजतं. नेपोलियनची रशियावरची फौज कशी विरत गेली हे फ्रान्सच्या मिनारने १८६९ मध्ये एका पट्ट्याची रुंदी कमी करत दाखवलं होतं. इथे पट्ट्या वाढतात, एवढाच फरक.

राहिलं व्याकरण. ते आमच्याकडे स्पर्धा परीक्षेच्या गुणांपुरतं उरलंय. पण दस्तातले दोन शब्द पाहा: 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. ज्याला अक्षरओळख नाही तो शेतकरी 'लिहून देणार', आणि मजकूर ठरवणारा सावकार नुसता 'लिहून घेणार'! वाक्यातला कर्ता एक, करणारा दुसराच. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली, ती याच फटीसाठी.

सुप्याला एमआयडीसी आल्यापासून रस्त्याकडेच्या जमिनींचे व्यवहार वाढलेत. खरेदीखतावर आजही तेच दोन शब्द असतात. अंगठा जाऊन सही आली, पण सही करणारे किती जण मजकूर शेवटपर्यंत वाचतात? हेच लोक आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी दोन रात्रींत संपवतात. खुशाल संपवावी. मात्र दस्ताचा मसुदा आदल्या दिवशी घरी आणावा, 'लिहून देणार' असेल तिथे स्वतःचं नाव घालावं आणि घरच्यांसमोर मोठ्याने वाचावा. तासभर लागतो.