पियानो बिघडलेला नाही

स्नेहसंमेलनात आपल्या सभागृहातील पियानोची जी फजिती झाली, तिची चर्चा पालकवर्गात अजून चालू आहे. आपोआप वाजणारे वाद्य म्हणून माजी विद्यार्थ्याने कौतुकाने भेट दिलेले, आणि ऐन प्रार्थनेच्या वेळी पट्ट्या खालीवर होताहेत पण आवाज नाही! पुढे आवाज आला तर समूहगीतात पियानो तालाच्या मागे. आता हे वाद्य विकून दोन चांगल्या पेट्या घ्याव्यात अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आहे. पेट्या हव्यातच, त्याला आमचा विरोध नाही. मात्र पियानो बिघडला म्हणून विकू नये, कारण तो बिघडलेला नाही.

हा आतून खराखुरा पियानो आहे. तारा आहेत, हातोड्या आहेत. शिवाय ८८ पट्ट्यांना आतून हलवणारे विद्युतचुंबक आहेत. त्याला आपण जी मिडी फाईल देतो तिच्यात आवाज नसतोच. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबायची आणि केव्हा सोडायची, एवढ्याच सूचना असतात. जोरसुद्धा १ ते १२७ अशा आकड्यांत. म्हणजे ही एक स्वरलिपीच झाली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली सुरू झालेली गायनशाळा आणि मौलाबक्षांची स्वरलिपी ज्या बडोद्याने पाहिली, त्या बडोद्यातील मुलांना हे समजायला अवघड जाऊ नये. स्वरलिपी बरोबर असूनही वाजवणाऱ्याला चुकीची सूचना दिली तर गाणे बिघडते. इथे तेच झाले.

प्रार्थनेच्या वेळी पियानो मूक पद्धतीवर होता. त्या पद्धतीत आत एक दांडी पुढे येते, हातोड्या तारांपर्यंत पोचत नाहीत आणि आवाज फक्त हेडफोनमध्ये जातो. घरी सराव करणाऱ्यांची शेजाऱ्यांवर कृपा म्हणून केलेली ही सोय. एक कळ फिरवली की काम झाले. नृत्याच्या वेळी उलट तक्रार होती, की पट्ट्या हलल्याच नाहीत. पेनड्राइव्हवर एमपीथ्री गाणे होते. ते ध्वनिमुद्रण, त्यात पट्ट्यांसाठी सूचनाच नाहीत, ते स्पीकरमधूनच वाजणार. मिडी फाईल असूनही पट्ट्या हलत नसतील तर चॅनल पाहावेत. ते १६ असतात. पियानोचा भाग ज्या चॅनलवर आहे तो पट्ट्यांना जोडलेला हवा. तालवाद्ये १९९१ च्या जनरल मिडी ठरावाप्रमाणे दहाव्या चॅनलवर असतात. तो चुकून पट्ट्यांना जोडला गेला तर खालच्या पट्ट्यांवर नुसती धडधड ऐकू येते.

खरी गंमत तालाची आहे. हळू वाजवायच्या स्वराची हातोडी सावकाश जाते, जोराच्या स्वराची झटकन. दोन्ही आवाज वेळेवर यावेत म्हणून अशा अनेक वाद्यांत बाहेरून आलेली प्रत्येक सूचना सुमारे ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद, थांबवून मग वाजवली जाते. आपण पियानो लॅपटॉपला जोडला आणि तबल्याची साथ मात्र लॅपटॉपमधून थेट सभागृहाच्या स्पीकरला दिली. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे नेमकी एक मात्रा! मुले गांगरली यात त्यांचा काय दोष? साथीच्या सूचनाही पियानोकडेच पाठवाव्यात, म्हणजे त्याच्या पोटातील ध्वनियंत्र दोन्ही बरोबर वाजवेल. नाहीतर ती थांबण्याची सोय बंद करावी. मग हलके स्वर किंचित मागे पडतात, पण समूहगीतात ते चालून जाते.

तारा उतरल्या असतील तर त्याला सेटिंगचा इलाज नाही, जाणकार माणूसच बोलवावा लागेल. तो खर्च मंडळाने धरावा.

यंत्र वाजवू लागले तर मुले कशाला शिकतील, असे काही ज्येष्ठ पालक म्हणतात. ही भीती अगदीच निराधार नाही. रोजची प्रार्थना यंत्राने वाजवू नये, मुलांनीच वाजवावी असेच आमचेही मत आहे. पण स्वतः वाजवलेले या पियानोत नोंदवून, त्याच पट्ट्या पुन्हा हलताना पाहणे, पट्टी न बदलता लय निम्मी करून आपली चूक शोधणे, हे पेटीवर कसे जमणार?

सध्या या वाद्याचे माहितीपुस्तक आणि रिमोट कार्यालयातील कपाटात कुलपात आहेत आणि कार्यक्रमाच्या दिवशी जो येईल तो कळा दाबतो. आठवी-नववीच्या चार विद्यार्थ्यांवर ही जबाबदारी सोपवावी. पियानोशेजारी एक वही ठेवावी आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी व नंतर कोणती कळ कुठे होती ते तीत लिहावे. विक्रीचा निर्णय मंडळाने एक सत्र पुढे ढकलावा आणि कपाटाची किल्ली या आठवड्यातच संगीत शिक्षकांकडे द्यावी, अशी आमची विनंती आहे.