दुसऱ्या गिटारीचा हक्क

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील जी तरुण मंडळी विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवासाठी अथवा निव्वळ आवडीपोटी रॉक बँड उभा करू पाहतात, त्यांच्यापुढे गिटारवादक एक असावा की दोन, हा प्रश्न येतोच, आणि तो हौसेचा नसून रचनेचा आहे. एकट्या वादकाची बोटे एकलवादनासाठी बाराव्या पडद्यापलीकडे चढली की खालच्या तारांवरील कॉर्डांचा आधार तत्क्षणी नाहीसा होतो आणि ती पोकळी भरण्याचा सारा बंदोबस्त बेस व ड्रम यांच्याकडे जातो; लेड झेपेलिनच्या जिमी पेजला हे साधले, कारण जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनम यांच्यासारखे समर्थ साथीदार त्याच्या पाठीशी होते. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ म्हणून जन्मलेल्या व पुढे ‘इंडस क्रीड’ झालेल्या बँडमध्ये महेश तिनईकर आणि जयेश गांधी अशी जोडी होती, तर २०१०च्या पुनरुज्जीवनानंतर तिनईकर एकटेच गिटार सांभाळू लागले. मात्र सोबतीला कीबोर्ड होता, हे विसरू नये. दोन्ही गिटारवादक एकाच सप्तकात तेच कॉर्ड झोडपू लागले तर गायकाचे शब्दच बुडतात, म्हणून दुसऱ्याची नेमणूक निराळ्या कामगिरीसाठीच व्हावी. तेव्हा, मुलांनो, कीबोर्ड नसेल तर दुसरा गिटारवादक अवश्य घ्या, आणि कोठे थांबायचे हे त्याला पहिल्याच तालमीत सांगा.