निर्लेखनापूर्वीचा तपास

जुलै सरत आला, पीक विम्याच्या अर्जांची मुदत अंगावर आली, की वाशीम जिल्ह्यातील एखाद्या सेतू केंद्रात सातबाऱ्याचे एक पान उघडण्यास पाच-पाच मिनिटे घेणारा लॅपटॉप रांगेतल्या शेतकऱ्यांच्या आणि चालकाच्या रोषास सारखाच पात्र होतो. आणि हंगाम संपताच 'जुना झाला' एवढा शेरा मारून त्यास माळ्यावर टाकण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला घाईचा व खर्चिक वाटतो, कारण अशा यंत्राचे मांद्य हे पुष्कळदा वार्धक्य नसून त्याने स्वसंरक्षणार्थ पत्करलेला संयम असतो.

प्रोसेसर सदासर्वकाळ एकाच वेगाने चालत नाही. इंटेलने २००० सालच्या आरंभी लॅपटॉपसाठीच्या पेंटियम तीनमध्ये 'स्पीडस्टेप' ही योजना आणली, आणि काम नसताना वेग व विद्युत्दाब दोन्ही उतरवण्याची तजवीज पुढे सार्वत्रिक झाली. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात, परंतु दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, दोन्ही एकपंचमांशाने कमी केले तरी तो जवळजवळ निम्म्यावर येतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली किंवा पुरेशी वीज मिळेनाशी झाली, की हेच यंत्र भर कामातही हात आखडते.

तपासाची रीत अवघड नाही. टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्सचे पान उघडून काम चालू असताना वेगाचा आकडा पाहावा. सकाळी थंड यंत्रावर तो २ गिगाहर्ट्झच्या वर राहून थोड्या वेळाने कोसळत असेल, तर दोष बहुधा उष्णतेचा आहे. ज्या मुलखात कपाशी आणि सोयाबीन पिकते, मळणीच्या दिवसांत हवेत भुसा तरंगतो आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेथे यात नवल ते काय? पंखा घरघरत असतो, पण बाजूच्या फटीशी तळहात धरला तर वारा लागत नाही. यंत्र उघडले की पंख्यापुढच्या धातूच्या पातळ पात्यांवर धूळ व तंतूंचा नमदा बसलेला आढळतो, आणि प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप वाळून त्याच्या खपल्या निघतात. एक मऊ ब्रश आणि नव्या लेपाची एक लहानशी नळी, एवढ्यावर हे प्रकरण बहुधा निकालात निघते.

याउलट आकडा पहिल्या क्षणापासून ०.७९ वर किंवा त्याहूनही खाली खिळून राहिला असेल, तर धुळीपूर्वी चार्जरची जबानी घ्यावी. मूळ चार्जर हरवल्यावर ६५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा, दिसायला तसाच, बाजारातून आणला जातो. शिवाय काही यंत्रांच्या चार्जरला मध्यभागी एक बारीक पिन असते, तिच्या द्वारे लॅपटॉप त्याची ओळख विचारतो, आणि ती तुटली की ओळख न पटल्याने तळाच्या वेगावर उतरतो. चार्जर निर्दोष ठरला, तर पॉवर ऑप्शन्समध्ये कमाल वेगाची मर्यादा कोणी खाली ओढून ठेवली आहे काय हेही पाहावे. प्रोसेसरला बाहेरून येणारा मंदावण्याचा हा इशाराच बंद करणारी सॉफ्टवेअरे मिळतात आणि त्यांचा सल्ला फार उदारपणे दिला जातो. तथापि कारण न शोधता इशाराच बंद करणे मला मुळीच मान्य नाही, कारण चार्जर खरोखरच दुबळा असेल तर सारा भार त्याच्यावर आणि चार्जिंगच्या मंडलावर पडतो.

प्रत्येक जुने यंत्र वाचवावेच, असा माझा हट्ट नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि ज्यास पुढची आवृत्ती झेपत नाही ते यंत्र सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना लोकांच्या जमिनीच्या कागदपत्रांसाठी वापरणे गैर आहे. त्यावर लिनक्स चालवावे, अथवा त्यास शाळेत टंकलेखनाच्या सरावाला द्यावे. परंतु हा निर्णय तपासाअंती व्हावा. १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आणि २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्यास यंत्रे सहज टाकून देणे परवडण्यासारखे नाही. म्हणून शासकीय दप्तरांतील जडवस्तू संग्रह नोंदवहीत निर्लेखनाच्या शेऱ्यापूर्वी तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात: थंड व तप्त अवस्थेतील वेग, चार्जरची क्षमता आणि पंखा शेवटचा साफ केल्याची तारीख, आणि त्यांखाली ज्याने यंत्र उघडून पाहिले, त्याचीच सही घ्यावी.