आजीचा येसर

घरांतील वडील बाई गेली म्हणजे तिचे दागिने व लुगडीं रीतसर वांटलीं जातात. तिच्या हातच्या पदार्थांचा वारसा कोणाकडे जावा हें मात्र कोणी ठरवीत नाहीं. नांदेड-लातूरकडील घरांत ही उणीव येसराच्या डब्यानें उघडी पडते. कार्याच्या पंगतीस येसराची आमटी तर हवी, आणि आजीच्या हातचा येसर संपलेला!

वेळ अमावास्येचें असें होत नाहीं. मार्गशीर्षांतल्या त्या दिवशीं लातुराकडील घरेंच्या घरें शेतांत जेवतात. भज्जी व आंबील यांची कृति शेंकडों हातांना ठाऊक असते, ती एका बाईबरोबर जात नाहीं. जातो तो रोजचा पदार्थ, जो एकच हात वर्षानुवर्षें मुकाट्यानें करीत आला.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचें पाकक्रियांचें 'गृहिणी-मित्र' १९१० सालीं निघालें, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं. मराठी घरांवर दोघींचेही उपकार आहेत. पण छापील कृति साऱ्यांची असते. आम्हांस हवा होता तो एका चुलीचा येसर.

आमच्या घरीं तर यावरून थोडें तेढींतच आलें होतें. नांदेडास काकूंचा येसर तिखट, आमच्या मातोश्रींचा सौम्य. आणि दोघी जावा निक्षून सांगत कीं, सासूबाई असाच करीत. एका बाईनें दोन येसर कसे केले? अखेर लातुरास दिलेल्या आत्याबाईंना विचारावयाचें ठरलें. लग्नापूर्वीं आजीबरोबर जात्यावर बसलेल्या त्याच आतां हयात आहेत. वय ऐंशीच्या पुढें. नातवंडांचीं नांवें चुकतात.

जिन्नस त्यांनीं सहज सांगितले: गहूं, हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, धने, जिरें, मिरें, लवंगा, हळकुंडें, सुक्या मिरच्या. प्रमाण विचारतांच म्हणाल्या, "अगं, तें सांगायचं कसं? चिपटं आण."

चिपटें माळ्यावर सांपडलें. धाकट्या सुनांसाठीं सांगतों: दोन निळवीं म्हणजे कोळवें, दोन कोळवीं म्हणजे चिपटें, दोन चिपटीं म्हणजे मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून तीं वजनें हळूहळू बाजारांत आलीं व हीं मापें अडगळींत गेलीं. खरी गोम ही कीं, चिपटें आकार मापतें, भार नव्हे. चिपटेंभर गव्हांच्या मानानें चिपटेंभर धने वजनाला सुमारें निम्मेच भरतात. आजीचें 'दोनास एक' जो तराजूनें घेईल, त्याच्या येसरांत धने दुप्पट पडतील, आणि तो बिचारा दोष स्वतःच्या हाताला देईल.

मग भाजणी. प्रत्येक जिन्नस निराळा भाजावयाचा, कारण गव्हाला वेळ लागतो व जिरें क्षणांत करपतें. आत्याबाई चुलीकडे पाठ करून बसल्या होत्या. गहूं तडतडूं लागले, तो आवाज थोडा मंदावला, तोंच त्या म्हणाल्या, "उतरव!" कढईत पाहिलें तों दाणे नेमके तांबूस. भाजलेलें पीठ कच्च्या पिठाइतकें दाटत नाहीं. भाजणी कमी पडली तर आमटीची खळ होते. येसर आधीं गार पाण्यांत कालवावयाचा व मग उकळीत सोडावयाचा, हेंही त्यांनींच बजावलें.

तेलाचें मात्र पूर्वीचें राहिलें नाहीं. आजीची फोडणी घाण्याच्या करडईच्या तेलाची असे. या भागांत सोयाबीन पसरलें आणि करडईचा पेरा पार आटला. शोध करून तेल मिळविलें, तेव्हां आमटीचा वास घरभर ओळखीचा झाला.

आणि मिरच्या? आत्याबाईंनीं हंसून सांगितलें, "नांदेडच्या घरीं शेतावरचे गडी जेवायला असत. तिथल्या डब्याला एक निळवं जास्त." दोन डबे, दोन प्रमाणें, आणि आजीनें तें कोणत्याच सुनेस सांगण्याचें कारण नव्हतें, कारण जिनें जो डबा उघडला तोच तिला ठाऊक. काकू व मातोश्री दोघीही बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. पुढें मातोश्रींनीं काकूंच्या वाटींत आमटी वाढली.

दोन्ही प्रमाणें आतां वहींत उतरलीं आहेत, चिपट्यानें आणि ग्रॅमनेंही. पुडचटणीचें अद्याप राहिलें आहे. आत्याबाई चैत्रांत नांदेडास यावयाच्या आहेत. तोंवर नव्या मिरच्याही बाजारांत आलेल्या असतील.