रविवारचा झाडू आणि सोमवारची गाडी

वस्तीतील उद्यान स्वच्छ करण्यासाठी नागरिकांनी रविवारी सकाळी एकत्र जमावे, या कल्पनेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु या उपक्रमाचे यश किती हात राबले यावर अवलंबून नसते. भरलेली पोती कोण आणि केव्हा नेणार, यावर असते.

वेसाव्याचा दाखला बोलका आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शहा यांनी तेथील किनाऱ्याची सफाई आरंभिली. आठवड्यामागून आठवडे लोक राबले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्या कार्याचा गौरव केला. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तेच काम काही काळ थांबवावे लागले! गुंडांचा उपद्रव हे एक कारण. गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही, हे दुसरे. जगाने नावाजलेल्या कार्याची ही गत, तर चिमुकल्या उद्यानाची काय कथा? तेथे फाटकापाशी रचलेली पोती कुत्री रात्रीतून फाडतात.

म्हणून संयोजकांनी फलक रंगविण्याआधी महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडून गाडीची वेळ लेखी ठरवून घ्यावी. ओला व सुका कचरा जागच्या जागी वेगळा करावा. काचा मुलांना वेचू देऊ नयेत. मोठ्यांच्या हातीही मोजे हवेत. छायाचित्रकार नसला तरी चालेल.

पालिकेचे काम नागरिकांनी का करावे, हा आक्षेप आम्हांस अमान्य नाही. पण एकट्या तक्रारदारास 'उद्या या' म्हणून वाटेला लावणे सोपे; हाती झाडू घेतलेल्या पन्नास करदात्यांस तसे सांगणे अधिकाऱ्यास जड जाते.