सातबारा नाही, म्हणून घाम फुकट?



झऱ्याची विहीर आम्ही खांदली. दगड आम्ही वाहिले. आता ग्रामसभेत ठराव येतोय: ज्या मालकांनी शेतात पाइप टाकला, त्यांचा खर्च गावच्या पैशातून परत द्या. आणि आमची मजुरी? म्हणतात, तुमच्या नावावर सातबारा कुठंय?

नियम ऐका. जलजीवन मिशनमध्ये निम्म्याहून जास्त आदिवासी असलेल्या गावाचा वाटा ५ टक्के, तोही मजुरीनं भरता येतो. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२): पिण्याच्या पाण्यासाठी १ हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळते.

कन्नड-सोयगावच्या डोंगरातल्या समद्यांनी ग्रामसभेला या. बायामाणसांनी पुढं बसा. आधी आमच्या मजुरीची नोंद, मगच मालकाच्या बिलाला हात वर!